निवृत्तिधन आणि स्थावर गुंतवणूक न्यास : एका शिफारशीचे परीक्षण

१

निवृत्त माणसाच्या गुंतवणुकीचा प्रश्न अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा एखाद्या परिशिष्टात उरकला जातो. वास्तविक संपत्तिवाटपाच्या सर्व सिद्धान्तांची खरी कसोटी याच प्रश्नावर लागते. कमावत्या माणसाची चूक पुढील दहा वर्षांच्या पगारातून भरून निघते. ज्याचा पगार थांबला आहे त्याच्या चुकीची भरपाई त्याच्याच मुद्दलातून होते. म्हणून निवृत्तीच्या पुंजीत कोणत्या मालमत्तेला किती स्थान द्यावे यासंबंधीची कोणतीही शिफारस, ती कितीही अधिकारी व्यक्तीने केलेली असो, तपासून घेणे अवश्य ठरते.

प्रस्तुत लेखात अशा एका शिफारशीचा परामर्श घ्यावयाचा आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या निधीची व्यवस्था १९८५ पासून २०२१ मध्ये झालेल्या आपल्या निधनापर्यंत पाहणारे डेव्हिड स्वेन्सेन यांनी २००५ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी ‘अनकन्व्हेन्शनल सक्सेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सहा मूलभूत मालमत्तावर्ग सांगून त्यांचे एक आदर्श प्रमाण मांडले : अमेरिकन समभाग ३० टक्के, इतर प्रगत देशांचे समभाग १५ टक्के, उदयोन्मुख देशांचे समभाग ५ टक्के, अमेरिकन सरकारचे साधे रोखे १५ टक्के, भाववाढीशी निगडित सरकारी रोखे १५ टक्के आणि स्थावर मालमत्ता २० टक्के. हा शेवटचा पंचमांश स्थावर गुंतवणूक न्यासांच्या, म्हणजे रूढ भाषेत ‘रीट’च्या, द्वारे धारण करावा, असा त्यांचा अभिप्राय. स्वेन्सेन यांच्या अधिकारामुळे आणि ग्रंथातील प्रामाणिकपणामुळे हे प्रमाण निवृत्तिनियोजनाच्या चर्चेत पुष्कळांनी जसेच्या तसे उचलले. अल्पखर्चाच्या निर्देशांक-निधींचा त्यांनी केलेला पुरस्कार आजही निर्विवाद मोलाचा आहे. आमचा आक्षेप केवळ त्या २० टक्क्यांना आहे, आणि तोही आकड्यापेक्षा त्यामागील युक्तिवादाला अधिक आहे.

२

प्रथम या संस्थेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेत रीटचा जन्म १९६० मध्ये झाला. सिगारवरील कराच्या मुदतवाढीसंबंधीच्या एका विधेयकाला जोडून ही तरतूद संमत झाली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली. हेतू असा की, मोठ्या इमारतींच्या भाड्याचे उत्पन्न, जे तोवर धनिकांच्याच वाट्याला येत असे, ते लहान बचतदारालाही समभागांच्या रूपाने मिळावे. अटी मोजक्या होत्या. न्यासाच्या मालमत्तेपैकी किमान ७५ टक्के मालमत्ता स्थावराशी संबंधित असावी, भागधारक किमान शंभर असावेत आणि करपात्र उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा दरवर्षी वाटून टाकावा. हा हिस्सा आज ९० टक्के आहे. याच्या मोबदल्यात वाटलेल्या उत्पन्नावर न्यासाला स्वतंत्र आयकर नाही.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात आणि पुढील सर्व विवेचन त्यांवर उभे आहे. पहिली ही की, उत्पन्न वाटून टाकणे बंधनकारक असल्यामुळे न्यासाजवळ स्वतःची शिल्लक थोडी उरते. नवी इमारत घ्यावयाची किंवा जुने कर्ज फेडावयाचे तर त्याला पुन्हा पुन्हा भांडवलबाजाराच्या दारी जावे लागते. दुसरी ही की, वाटपाचे बंधन करपात्र उत्पन्नावर आहे, भाड्याच्या जमेवर नाही. इमारतींचा घसारा वजा झाल्यावर करपात्र उत्पन्न पुष्कळच आकसते. यामुळेच या व्यवसायाने १९९१ मध्ये हिशेबी नफ्याऐवजी ‘कार्यनिधी’ नावाचे निराळे माप रूढ केले. तेव्हा कायद्याने लाभांशाची हमी दिलेली आहे हा समज पुरता खरा नाही. कायदा एका विशिष्ट व्याख्येच्या उत्पन्नाचे वाटप करावयास लावतो. उत्पन्नच आटले तर त्याचा इलाज कायद्यापाशी नाही.

१९७०च्या दशकाच्या आरंभी गहाणकर्जे देणाऱ्या न्यासांची जी लाट आली ती १९७३-७४ मध्ये कोसळली. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने न्यासांना आपल्या इमारतींची व्यवस्था स्वतः पाहण्याची मुभा दिली आणि १९९१ नंतर अनेक मोठे मालक बाजारात उतरले. आज ज्याला आपण रीट म्हणतो ते वस्तुतः या शेवटच्या टप्प्याचे अपत्य आहे.

३

स्वेन्सेन यांच्या युक्तिवादाचे तीन आधारस्तंभ आहेत. एक : स्थावर मालमत्ता ही रोखे आणि समभाग यांच्या मधली आहे. भाडेकरारांतून येणारे उत्पन्न रोख्यांच्या व्याजासारखे, आणि करार संपल्यावर उरणारे इमारतीचे मूल्य समभागासारखे. दोन : भाववाढीबरोबर भाडी व बांधकामखर्च वाढतात, म्हणून ती भाववाढीपासून संरक्षण देते. तीन : तिची चाल इतर मालमत्तांपेक्षा निराळी असल्याने एकंदर पुंजीची अस्थिरता कमी होते.

यांपैकी पहिले विधान भाड्याने दिलेल्या इमारतीविषयी खरे आहे. प्रश्न असा की, तीच इमारत कर्ज काढून घेतलेल्या आणि रोज बाजारात विकल्या जाणाऱ्या समभागाच्या वेष्टनात गुंडाळली असता तिचे गुणधर्म तेच राहतात काय? थेट मालकीच्या स्थावराच्या किमती मूल्यमापकांच्या अंदाजावरून ठरतात. ते अंदाज मागील अंदाजांकडे पाहून केलेले असतात, त्यामुळे त्या मालिकेत चढउतार मऊ झालेले दिसतात. हा मऊपणा मोजमापाचा आहे, मालमत्तेचा नव्हे. रीटच्या किमतींत तो नाहीसा होतो. अमेरिकेत रीटच्या परताव्याची सलग मोजणी १९७२ पासून उपलब्ध आहे. त्या दीर्घ काळात इमारतींचे मालक असलेल्या न्यासांचा परतावा आणि त्याची अस्थिरता ही दोन्ही सर्वसाधारण समभागांच्या जवळपासच राहिली आहेत. ज्याचा परतावा समभागांएवढा आणि जोखीमही समभागांएवढी, त्याला मधला वर्ग म्हणण्यास आधार उरत नाही.

यावर स्वेन्सेन यांच्या बाजूने एक वजनदार उत्तर देता येते, आणि ते डावलणे न्याय्य होणार नाही. बाजारभाव व वाजवी मूल्य यांत अंतर पडते, याची त्यांना जाणीव होती. त्यांचे म्हणणे असे की, हे अंतर अल्पकाळाचे असते. दीर्घ मुदतीत रीटचा परतावा त्यामागील इमारतींच्या परताव्याकडे वळतो. वर्षादोनवर्षांच्या मोजणीत समभागांसारखा वाटणारा रीट दीर्घ मुदतीत इमारतींसारखा अधिक वागतो, या मताला पुढील संशोधनातूनही बराच पाठिंबा मिळाला आहे. मग वीस-तीस वर्षांच्या निवृत्तिपुंजीला अल्पकाळच्या हेलकाव्यांची भीती कशाला?

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे.

४

येल विद्यापीठाच्या निधीची मुदत अनंत आहे. चाळीस वर्षांच्या पगारदाराची मुदत पंचवीस वर्षांची आहे. निवृत्त माणसाची मुदत मात्र एक नसून अनेक आहेत. पुढील वर्षाच्या किराण्याची मुदत एक वर्षाची, त्यापुढच्या वर्षाची दोन वर्षांची, याप्रमाणे. ‘दीर्घ मुदतीची पुंजी’ हा शब्दप्रयोग त्याच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. ज्या पुंजीतून दरवर्षी रक्कम काढावयाची आहे तिच्यात सरासरी परताव्याइतकेच महत्त्व परताव्याच्या क्रमाला येते.

हे साध्या गणिताने दाखविता येईल. अमेरिकेतील रीटचा निर्देशांक २००७ मध्ये सुमारे १५.७ टक्के व २००८ मध्ये ३७.७ टक्के घसरला. पुढे २००९ व २०१० या दोन्ही वर्षी तो प्रत्येकी सुमारे २८ टक्के आणि २०११ मध्ये ८.३ टक्के वाढला. २००७ च्या आरंभी ठेवलेले १०० डॉलर कोणी हात न लावता राखले असते तर २०११ अखेर ते सुमारे ९३ झाले असते. आता दरवर्षाच्या आरंभी ५ डॉलर काढले असे समजू. पाच वर्षांनी उरतात सुमारे ६२. याच पाच वर्षांचा क्रम उलटा केला, म्हणजे वाढीची वर्षे आधी व घसरणीची नंतर, तर तेवढीच रक्कम काढून शेवटी सुमारे ७४ उरतात. परतावे तेच, सरासरी तीच, काढलेली रक्कम तीच. फरक केवळ क्रमाचा, आणि त्याची किंमत मूळ मुद्दलाच्या सुमारे अष्टमांश. हात न लावणाऱ्याला क्रमाशी काहीच कर्तव्य नव्हते, कारण गुणाकाराचा क्रम बदलल्याने गुणाकार बदलत नाही.

कोणी म्हणेल, हे गणित एकट्या रीटचे आहे. स्वेन्सेन तर संतुलित पुंजी सांगतात, जीतून घसरणीच्या वर्षी रोखे विकून खर्च भागविता येतो. आक्षेप योग्य आहे. पण तो मान्य करताच हेही मान्य होते की, अशा वर्षी निवृत्ताला तारणारे ते ३० टक्के सरकारी रोखे होत. रीटला ‘अर्धे रोखे’ समजून ज्यांनी खरे रोखे कमी केले, आणि लाभांशाच्या मोहाने तसे करणारे थोडे नव्हते, त्यांच्यापाशी तो आधार उरला नाही. लाभांशानेही त्यांना साथ दिली नाही. २००८ च्या अखेरीस अमेरिकन करखात्याने न्यासांना लाभांशाचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग रोख रकमेऐवजी नव्या समभागांच्या रूपाने देण्याची तात्पुरती सवलत दिली आणि काही मोठ्या न्यासांनी तिचा फायदा घेतला. अनेकांनी लाभांश कापला. २००९ च्या एप्रिलमध्ये देशातील एक अग्रगण्य मॉल-मालक, जनरल ग्रोथ प्रॉपर्टीज, दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेला. त्याच्या इमारती एकाएकी ओस पडल्या होत्या असे नव्हे. मुदत भरलेल्या कर्जाच्या जागी नवे कर्ज मिळेना, ही त्याची मुख्य अडचण होती. शिल्लक न ठेवणाऱ्या रचनेचा उल्लेख वर केला आहे. तिचा परिणाम येथे स्पष्ट दिसतो.

५

तिसऱ्या आधारस्तंभाकडे, म्हणजे निराळ्या चालीकडे, वळू. स्वेन्सेन यांनी ग्रंथ लिहिला तेव्हा ताजा अनुभव मोठा बोलका होता. २०००, २००१ व २००२ या तीन वर्षांत अमेरिकेच्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक अनुक्रमे ९.१, ११.९ व २२.१ टक्के घसरला, तर रीट अनुक्रमे २६.४, १३.९ व ३.८ टक्के वाढले. त्याआधीच्या १९९८ व १९९९ मध्ये चित्र नेमके उलटे होते. समभाग २८.६ व २१ टक्के चढले, रीट १७.५ व ४.६ टक्के उतरले. यावरून दोहोंचा सहसंबंध दुर्बळ आहे, असा निष्कर्ष कोणीही काढला असता.

तो निष्कर्ष २००८ मध्ये फसला. त्या वर्षी समभाग ३७ टक्के घसरले आणि रीट ३७.७ टक्के. २००७ च्या फेब्रुवारीतील शिखरापासून २००९ च्या मार्चमधील तळापर्यंत रीटची घसरण दोन-तृतीयांशाहून अधिक झाली. असे का व्हावे? आमच्या मते उत्तर असे की, सहसंबंध हा मालमत्तेच्या अंगचा गुण नव्हे. तो त्या त्या वेळच्या आघाताच्या कारणाचा गुण आहे. २००० चा फुगा तंत्रज्ञान-कंपन्यांचा होता. इमारतींचा त्याच्याशी संबंध नव्हता आणि स्वस्त भावाने पडलेले रीट त्यातून सुटले. २००८ चा आघात स्थावरावरील कर्जातूनच उद्भवला. रीट त्या वादळाच्या केंद्रस्थानी होते. एका आघाताच्या काळात मोजलेला गुणांक घेऊन दुसऱ्या प्रकारच्या आघाताविरुद्ध विमा उतरविता येत नाही.

दुसऱ्या आधारस्तंभाची कसोटी २०२२ मध्ये लागली. त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेतील वार्षिक भाववाढ ९.१ टक्क्यांवर गेली. ज्या संकटासाठी रीट ठेवावयाचे तेच संकट उभे राहिले, आणि रीटचा निर्देशांक त्या वर्षी सुमारे २५ टक्के उतरला. समभागांची घसरण १८ टक्क्यांची होती. कारण स्पष्ट आहे. भाववाढीला उत्तर म्हणून मध्यवर्ती बँकेने शून्याजवळचा व्याजदर वर्षअखेर ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेला. भाडी वाढली खरी, पण भविष्यातील भाड्यांचे आजचे मूल्य ज्या दराने काढावयाचे तो दर त्याहून वेगाने वाढला. शिवाय भाडे वाढण्याचा वेग कराराच्या मुदतीवर अवलंबून असतो. हॉटेलचे भाडे रोज बदलते, सदनिकेचे वर्षाने, कचेरीचे वा गोदामाचे कित्येक वर्षांनी. ‘स्थावर’ या एका शब्दाखाली या सर्वांना एकच भाववाढ-संरक्षक गुण चिकटविणे शास्त्रीय नाही.

त्याच वर्षी भाववाढीशी निगडित सरकारी रोख्यांचे बाजारमूल्यही सुमारे १२ टक्के घसरले, हे सांगितले पाहिजे, नाहीतर तुलना एकांगी होईल. परंतु दोहोंत मूलभूत भेद आहे. तो रोखा मुदतीपर्यंत राखणाऱ्याला भाववाढीइतके वाढलेले मुद्दल मिळते. ते सरकारचे करारबद्ध वचन आहे. रीटपाशी असे वचन नाही, अपेक्षा आहे. निवृत्त माणसाच्या दृष्टीने वचन आणि अपेक्षा यांतील अंतर हाच सुरक्षिततेचा अर्थ होय.

६

आणखी एक बाब अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. २००५ मध्ये ज्या वर्गाला २० टक्के दिले तो वर्ग आज तोच राहिलेला नाही. त्या वेळी निर्देशांकात कचेऱ्या, मॉल, सदनिका, गोदामे यांचे प्राबल्य होते. पुढे लाकूड-जंगलांचे मालक, २०१२ पासून दूरध्वनी-मनोऱ्यांची अमेरिकन टॉवर ही कंपनी, २०१५ पासून संगणक-केंद्रांची इक्विनिक्स ही कंपनी अशा अनेकांनी करसवलतीसाठी रीटचे रूप घेतले. मनोऱ्यांचे भाडेकरू मूठभर दूरध्वनी-कंपन्या, संगणक-केंद्रांचे भाडेकरू तंत्रज्ञान-कंपन्या. म्हणजे ज्या उद्योगाच्या चढउतारापासून आसरा शोधावयाचा तोच उद्योग मागील दाराने आत आला. कायद्याची व्याख्या ही करासाठी असते. तिला आर्थिक मालमत्तावर्गाची व्याख्या मानणे ही एक तार्किक चूक आहे.

शिवाय सर्वसमावेशक समभाग-निधीत रीट मुळातच दोन-चार टक्के असतात आणि अमेरिकन निवृत्ताचे स्वतःचे घर बहुधा वेगळेच असते. या दोहोंवर आणखी पंचमांश ठेवणे म्हणजे एकाच खांबावर अधिक भार टाकणे होय. व्यक्तीने आपल्या परिस्थितीप्रमाणे प्रमाण बदलावे, असे स्वेन्सेन सांगतात. पण वाचकांनी उचलला तो तक्ता. त्याखालची सूचना मागे राहिली.

७

आपल्याकडे हा प्रश्न आता केवळ पुस्तकी उरलेला नाही. सेबीने रीटसंबंधीचे नियम २०१४ मध्ये केले. पहिला न्यास, एम्बसी ऑफिस पार्क्स, २०१९ च्या एप्रिलमध्ये बाजारात नोंदला गेला. पुढे माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, २०२३ मध्ये मॉलचा नेक्सस सिलेक्ट आणि २०२५ मध्ये नॉलेज रिअल्टी हे न्यास आले. हिंजवडी, ऐरोली, विक्रोळी येथील कचेऱ्यांचे भाडे आज या मार्गाने लहान बचतदाराच्या खात्यात येऊ शकते. किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली व उत्पन्न देणारी असावी आणि वितरणयोग्य रोख उत्पन्नाचे ९० टक्के वाटावे, या आपल्या अटी अमेरिकन अटींहून काहीशा कडक आहेत. त्या स्वागतार्ह होत. २०२५ च्या सप्टेंबरात सेबीने म्युच्युअल फंडांच्या गुंतवणुकीपुरते रीटला समभागांच्या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. वर्गीकरणाच्या ज्या मुद्द्यावर आम्ही स्वेन्सेन यांच्याशी मतभेद नोंदविला त्याच मुद्द्यावर आपल्या नियामकाने हा कौल दिला आहे.

परंतु आपल्या निवृत्तांची अडचण अमेरिकनांहून वेगळी आहे. येथील मध्यमवर्गीयाची जन्मभराची बचत बहुधा एका सदनिकेत अडकलेली असते. त्याला स्थावर मालमत्तेचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो भाववाढीशी करारबद्ध असलेल्या उत्पन्नाचा. शिवाय आपल्या न्यासांत कचेऱ्यांचा वरचष्मा आहे, आणि २०१९ पासूनचा इतिहास एका निवृत्तिकाळाच्या चतुर्थांशाएवढाही नाही. इतक्या लहान मालिकेवरून सहसंबंधाचे गुणांक काढून त्यांवर प्रमाणे बेतण्याचा मोह संशोधक विद्यार्थ्यांनी टाळावा.

८

तात्पर्य, रीट त्याज्य आहेत असा आमचा पक्ष नाही. अल्पखर्चाच्या निधीतून, विविध प्रकारच्या इमारतींत विभागलेले रीट हे समभागांचे एक उपयुक्त अंग आहे. त्यांना पुंजीत स्थान द्यावयाचे तर ते समभागांच्या हिश्श्यातून द्यावे, रोख्यांच्या नव्हे. लाभांशाला व्याज समजू नये. अमेरिकन गुंतवणूकदाराने ते शक्यतो करसंरक्षित निवृत्तिखात्यात ठेवावे, कारण त्यांचा लाभांश बहुतांशी सामान्य उत्पन्न म्हणून करपात्र होतो. २०१८ पासून मिळणारी २० टक्क्यांची वजावट हा भार हलका करते, नाहीसा करीत नाही. आणि पहिल्या काही वर्षांचा खर्च वचनबद्ध रोख्यांतून भागेल अशी तजवीज झाल्यावरच त्यांचा विचार करावा.

स्वेन्सेन यांनी एका अमर संस्थेची दृष्टी सामान्य माणसाला देऊ केली, हे त्यांचे औदार्य. पण संस्था अमर असते आणि माणूस मर्त्य. हा भेद ज्या तक्त्यात दिसत नाही तो तक्ता निवृत्ताच्या हाती देताना अध्यापकाने त्याच्या समासात हा भेद स्वतःच्या हाताने लिहून दिला पाहिजे.